आधी गौरीचं विचारू

अंधेरीला हृदयाच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, जिना चढताना दम लागतो ते आत सांग.”

“सांगितलं की गावाला जायचं बंद. गेल्या गौरीलाही कॅन्सरपायी मुंबईतच पडून होते.”

“अगं, केमोच्या त्या लाल इंजेक्शनांनी हृदय कमजोर होतं. पुढची द्यायची की थांबवायची, ते तुझ्या दमावरच ठरणार.”

“मला एकदा गौरीसमोर फुगडी घालायचीय, रत्ने.”

“घाल आणि मर तिथंच. दादाला मी सांगते, हौस भागली तिची.”

“गेल्या वर्षी तू घातलीस ना?”

“कोणाचे हात धरून? तू नव्हतीस. बसून राहिले.”

आतून मालनच्या नावाची हाक आली. भावजय उठली.

“चल. पण आधी गौरीचं विचारू. दमाचं मग सांगते.”