काझाचं हवामान

— नाही रे, ओटा रिकामा दिसतो म्हणजे रिकामाच आहे असं नसतं ना. तू बस आधी, उभ्या उभ्या कसलं बोलायचं — तू मागच्या गल्लीतल्या मीनाचा ज्ञानेश ना? केवढा उंच झालास. कंदील छान केलेत तू, काड्या खऱ्या बांबूच्या आहेत, मला कळतं — पण दिवाळीपर्यंत ओटा द्या म्हणतोस, तो कसा देऊ? उद्या ती आली तर तिने कुठे बसायचं? — ती म्हणजे यांगचेन, स्वेटरवाली, दुसरं कोण. तुझी पहिली कानटोपी तिच्याकडचीच असेल, विचार तुझ्या आईला. दरवर्षी पाऊस संपला की लुधियानाहून गठ्ठे घेऊन येते आणि होळीपर्यंत या ओट्यावर तिचं दुकान. अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. यंदा उशीर झालाय, एवढंच. वर वादळ झालं ना.

वर म्हणजे हिमाचलात, स्पितीमध्ये. काझाजवळ तिचं गाव आहे. बर्फाचं वादळ झालं, वेळेच्या आधीच — झाडावर सफरचंदं तशीच आणि वरून बर्फ. रस्ते बंद, वीज बंद. तिच्या घराच्या छताचा एक कोपरा बसला म्हणे. धाब्याची घरं रे त्यांची, मातीची, आमच्या सिन्नरकडे पूर्वी असायची तशी, त्यांना ओल सोसत नाही. म्हणून मी रोज तिथलं हवामान बघते. हा घे माझा फोन, तूच वाच, माझ्या चष्म्याची काडी तुटलीय — काझा म्हण, नाशिकचं नको, नाशिकचं खिडकीतून दिसतंच की मला. काय म्हणतंय? ऊन. उद्या? ऊन. परवाही ऊनच — रात्री उणे सहा, ते तिथे काहीच नाही. बर्फ कुठेच नाही दाखवत? पुढचा आठवडा बघ ना. नाही? बरं. राहू दे.

तू हसशील, पण नाशिकची थंडी तिला सोसत नाही. खरंच सांगते. मी म्हटलं, तू बर्फातली बाई, तुला काय आमची थंडी? तर म्हणाली, आमच्याकडे थंडी बाहेर असते, दीदी, घरात शेगडी असते, भिंती एवढ्या जाड. तुमच्याकडे थंडी घरात राहायला येते. — बरोबरच आहे की. ह्या फरशीवर जानेवारीत पाय टेकवून बघ. मग आम्ही दोघी संध्याकाळी ओट्यावर गोधडी घेऊन बसायचो, गिऱ्हाईक आलं की ती उठायची, नाही आलं तर बोलत बसायचो — ती तिच्या हिंदीत, मी माझ्या. आमच्या साहेबांना, सनीच्या बाबांना, जाऊन दोनच महिने झाले होते ती पहिल्यांदा आली तेव्हा. जागा मागायला आलेली, आता तू आलास तशी. मी नाहीच म्हणणार होते. पण तिची नजर गेली आत भिंतीवर, बुद्धांच्या फोटोकडे, आणि तिने डोक्यावरचा गठ्ठा खाली ठेवून तिथेच दारात हात जोडले. मग बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून विचारते कशी, हे चष्मेवाले कोण? ते सांगण्यात आमचा तो सबंध हिवाळा गेला. तिचे मंत्र वेगळे, माझं त्रिशरण वेगळं, पण मेणबत्ती आम्ही एकच लावायचो.

नाही, सामान ठेवून नाही गेली यंदा. दरवर्षी ताडपत्री, बांबू, तिचा तो काळा चहाचा टोप, सगळं माझ्या खाटेखाली असायचं. या खेपेला घेऊन गेली — घरी लागेल म्हणाली, छताला वगैरे. आता छत पडलं ते वादळात, आणि ती गेली होळीला, हे मलाही कळतं रे. पण सामान नेलं म्हणजे माणूस तुटलं असं थोडंच असतं?

काय म्हणालास? — मैदानावर? हो, लागलेत तिथे स्वेटरवाल्यांचे तंबू, माहीत आहे मला. जाऊन आले मी. कुणाला सांगितलं नाही, मीनालाही बोलू नकोस. रिक्षाने गेले नि सगळ्या तंबूंमधून फिरले. तिच्या गावचा एक जण भेटला. म्हणाला, रस्ता केव्हाच उघडला, मावशी. म्हणाला, तिच्या सुनेने घरातच पाहुणे ठेवायला सुरुवात केलीय, मुंबई-पुण्याचे लोक येतात तारे बघायला, आणि यांगचेन त्यांना रांधून घालते, आता ती काही खाली उतरत नाही. — तो म्हणाला. ती कुठे म्हणाली? तो काय, धंद्यातला माणूस, त्याला दुसरं दुकान नकोच असणार.

आणि मी काय म्हणते ऐक, पाहुणे कधीपर्यंत? बर्फ पडेपर्यंतच ना? चांगला दणकून बर्फ पडला की शहरातली माणसं पळतात. मग सुनेच्या खोल्या रिकाम्या, मग यांगचेन काय करणार तिथे बसून? मग ती येईलच. रस्ता बंद व्हायच्या आत निघेल. म्हणून मी बघते रोज बर्फ आहे का, तर हे रोज ऊनच —

असा काय बघतोस माझ्याकडे? मला कळतं मी काय बोलले ते. ज्या घराचं छत नुकतंच बसलं त्या घरावर आणखी बर्फ मागते मी. रोज संध्याकाळी, चहा झाला की. बुद्धांच्या फोटोसमोर बसून फोन बघते मी, तूच सांग. माझा मुलगा, सनी, पुण्याहून रविवारी बोलतो, जेवलीस का विचारतो, मी जेवले म्हणते, झालं बोलणं. बाकीचे सहा दिवस मी कुणाशी काय बोलणार? आज तू बसलास म्हणून तरी.

फोन? तिला? नंबर आहे की, त्यातच आहे. पण नाही लावला. मी विचारलं तर ती सांगणार ना काहीतरी. न विचारता आहे ते बरं आहे — तू काय करतोस? अरे, नको. ज्ञानेश, ठेव तो. वाजतोय? तिकडे वाजतोय? दे, दे इकडे, उलटा देऊ नकोस —

हॅलो? यांगचेन? मैं. विमल दीदी, नाशिक से। हां, हां, तबियत ठीक है। नहीं, ऐसे ही किया। मौसम पूछने के लिए किया। — अच्छा। धूप है। — छत हो गया? हो गया, वा। बहू कैसी है? — हां, किसी ने बताया मुझे। कमरे भरे हैं? दिवाली तक पूरे? — नहीं नहीं, मैं क्यों नाराज़ होऊँगी, पगली। — हां। — हां, घुटनों को भी आराम है तुम्हारे, सही बात है। इतना सफर कौन करेगा। — रोना नहीं। ए, रोना नहीं, मेहमान क्या बोलेंगे। — और सुनो, बर्फ नहीं पड़ना चाहिए अभी। हां। नहीं पड़ेगा, मैंने देखा है, पूरा हफ्ता धूप है। ठीक है। रखती हूँ। जाओ, जाओ तुम, आवाज़ दे रहे हैं।

...

सकाळी घेऊन ये तुझे कंदील. ओटा मी पुसून ठेवते. वायर त्या डाव्या खिडकीतून घे आत, उजवीकडचं बटण धक्का देतं. दिवाळी झाल्यावरही बसायचं असेल तर बस, मला काय. — पैशाचं नंतर बोलू, मीनाला पाठव.

आता ऊठ, जा. मला दार लावायचंय.