कर्नल घरी नाहीत

"हॅलो?… कोण?… अहो वन्सं, तुमचीच वाट बघत होते! सकाळपासून लावतेय फोन… तालमीला गेला होतात? बरं, बरं. आता बसलाय का कुठे?… मग बसा आधी. उभ्याने ऐकण्यासारखं नाही."

एवढं सांगून वहिनी स्वतः मात्र उभ्याच राहिल्या. एका हातात इस्त्री, कान आणि खांद्याच्या मध्ये फोन, पुढ्यात नवऱ्याचा पितळी बटणांचा लाल कोट. नणंदेला आपणहून फोन करण्याचा प्रसंग त्या शक्यतो टाळत. ही नणंद नाटकांना विग, दाढ्या आणि मिशा भाड्याने देत असे आणि सल्ले फुकट. आज वहिनींना भाड्याच्या मालाची गरज होती.

"नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. तब्येतीचं काही नाही. तुमच्या भावाने मिशी काढली… मिशी, मिशी… हो, अख्खी!… अर्धी कोण काढतं, वन्सं?… हॅलो? आहात ना?… हसताय? हसा. मीही हसले असते, शेजारच्या घरात झालं असतं तर."

ही मिशी साधीसुधी नव्हती. पांढरीशुभ्र, गालांवर रेललेली, टोकांना पीळ. तिचे मालक एका मोठ्या हॉटेलचे दारवान होते, पण पाहुणे आधी मिशीला नमस्कार करत, मग माणसाला. तिच्या जोरावर त्यांना 'कर्नल' हे नाव पडलं होतं. एरवी कुकरच्या शिट्टीलाही ते दचकत.

"का म्हणजे? त्या नव्या मॅनेजरबाई आल्यात ना… अगदी तरुण… हो, त्याच. त्यांनी काउंटरवरचे दोघे जुने उचलून आत पाठवले, चादरी मोजायला. त्यांच्या जागी दोन पोरं. दाढ्या अशा कोरलेल्या की नक्षीकामच… अहो ऐका ना! मग त्या बाई दोन दिवस ह्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. समोरून बघ, बाजूने बघ. बोलायचं नाव नाही. ह्यांना वाटलं, संपलं. आपली मिशी जुनाट, आता आपणही चादरी मोजणार… मला कुठे विचारलं? सकाळी आत गेले आणि उडवलीच. त्यांनी सांगायच्या आधी आपणच! स्वाभिमान तुमच्या घराण्याचा… बरं, आपल्या घराण्याचा."

इस्त्री उभी ठेवून वहिनी खिडकीशी गेल्या, रस्ता बघितला, परत आल्या. बाथरूमच्या दाराला कान लावला. परत खिडकी.

"पुढे काय! मिशी बेसिनमध्ये आणि इकडे फोन वाजला… त्याच! म्हणाल्या, हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर मोठ्ठं चित्र लावायचंय, कर्नलचा चेहरा घ्यायचा ठरलाय. सध्या म्हणे लोकांना जुनं आवडतं… मला काय विचारता? गेल्या वर्षापर्यंत नवं आवडत होतं! दुपारी गाडी येणार न्यायला. फोटोवाला तिकडे दिवे लावून बसलाय… तेव्हापासून हे बाथरूममध्ये. कडी लावून… नाही, नाही, तसं काही नाही. मघाशी आतून चहा मागितला. दार किलकिलं झालं, नुसता हात बाहेर आला."

आता वहिनींचा आवाज खाली आला.

"पण मी पाहिलंय ना सकाळी. कसं सांगू… रागावणार नाही ना?… वन्सं, मला वाटलं तुम्हीच बाहेर आलात… अगदी! तोच ओठ, तीच हनुवटी. मी म्हटलंसुद्धा, 'अगंबाई, कधी आलात?'… हसू नका हो! अंगावर काटा आला माझ्या. पहिल्यांदा बघायला आले तेव्हा मिशी आधी आत आली होती, मागून हे. एवढ्या वर्षांच्या संसारात वरचा ओठ आज पाहिला मी… काय?… शाळेत 'ताईची झेरॉक्स' म्हणायचे?… रडायचे?… म्हणून वाढवली? मला तर सांगितलं, थंडी वाजते म्हणून!"

ही बातमी वहिनींना मिशीपेक्षाही लागली. पण लागून घ्यायला वेळ नव्हता.

"ते जाऊ दे. आता मला एक मिशी पाहिजे… खोटीच ना! खरी कुठून आणणार? काय काय आहे तुमच्याकडे?… खलनायकाची नको. राजाची? ती फार वर चढते हो… फौजदाराची चालेल. काळी आहे?… पावडर मारता येईल? आणि घाम आला तर?… अहो, दार उघडताना वाकावं लागतं त्यांना, पाहुण्याच्या बुटावर पडली म्हणजे!… घट्ट बसेल? नक्की? मग रिक्षा करा आणि निघाच… थांबा, ह्यांना सांगते. अहो! ऐकलंत का? ताई मिशी घेऊन येतायत!… नको म्हणतात आतून. तुम्ही लक्ष देऊ नका, निघा."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"गाडी आली! इतक्यात? वन्सं, ठेवू नका फोन… आता काय सांगू मी त्याला… अगंबाई! बाथरूमचं दार उघडलं… हेच गेले दार उघडायला. असेच! बनियनवर, हातात चहाचा कप."

वहिनी कोट उचलून त्याच्या आड झाल्या आणि तोंडावर हात धरून कुजबुजू लागल्या.

"हॉटेलचा ड्रायव्हर आहे… विचारतोय, कर्नल आहेत का… हे म्हणतात, 'कर्नल घरी नाहीत'… शपथ! म्हणतात, मी त्यांचा भाऊ… तुम्हाला दुसरा भाऊ नाही हे मला माहीत आहे हो! पण त्याला पटलंय. म्हणतो, तरीच थोडं साम्य आहे… निघाला. हे पोचवायला जातायत खाली. बनियनवर!"

वहिनी खिडकीकडे धावल्या. दोन मजले खाली हॉटेलची लांब गाडी उभी होती.

"गाडीपाशी आहेत… ह्यांनी गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरला! हात गेलाच, सवय ती. डावा हात पाठीशी, मान जरा कललेली, कमरेत तेवढंच वाकणं… ड्रायव्हर अर्धा आत, अर्धा बाहेर… बघतोय… उतरला परत… वन्सं, सलाम ठोकला त्याने! कडक!… ओळखलं हो, ओळखलं! आता दोघं हसतायत… फोन लावला त्याने. बाईंनाच असणार. ह्यांच्या हातात दिला… अहो, मी कशाला सांगू, तुम्हालाही ऐकू येत असेल, सगळ्या रस्त्याला सांगतायत. 'हो बाई, कर्नलच बोलतोय. मिशी काढली. कोणी म्हणजे? मीच.'"

मग खाली बराच वेळ नुसती मान हलत राहिली. वहिनींना राहवेना.

"अहो! काय म्हणाल्या?… वन्सं, बाई म्हणतात, वाढवा परत, चित्र तोवर थांबवते!… मग हो म्हणा ना! काय?… नाही म्हणाले! म्हणतात, ओठाला वारा लागतोय, बरं वाटतंय… अहो, पण चित्र?… काउंटरवरच्या एखाद्या दाढीवाल्याचं लावतील म्हणे. लावू देत म्हणतात… नाही, चादरी नाहीत. दार ह्यांच्याकडेच राहिलं. बाई म्हणाल्या, तेवढं वाकणं दुसऱ्या कोणाला जमत नाही."

खाली कर्नल रस्त्याच्या मधोमध उभे होते. उघड्या ओठावरून बोट फिरवत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे ओळख असल्यासारखं हसत होते. वरून पाहिलं तर हुबेहूब नणंद.

"हं?… हो, तसं बघितलं तर आता मिशी कशाला… निघालात? मग या ना… नाही, मिशी घेऊनच या. फौजदाराची. पांढरी करून… ह्यांना नको आहे हो, मला पाहिजे!… मी नाही लावणार! हेच लावतील, रात्री जेवायला समोर बसतात तेवढ्यापुरती. दोन-चार दिवस, मला सवय होईस्तोवर… छे, छे, तसं नाही! तुमचा चेहरा चांगलाच आहे. वाईट कोण म्हणतंय? पण रोज रात्री, वन्सं, अगदी समोरच… हॅलो?… वन्सं?… हॅलो?"