इमानाची बंद खिडकी

इमानाचं कौतुक मला नका सांगू. पुण्याहून दिल्लीला गेलो तवाचं ऐका. पुण्याचा तळ इंग्रजाच्या काळापासून लढाऊ इमानांचा. आपली प्रवाशांची इमानं तिथं पावन्यासारखी ये-जा करतात. तळाच्या भिंतीला लागून माज्या धाकट्या बहिणीचं घर. ती म्हनली, "दादूस, गच्चीवर उभी राहून लाल लुगडं हलवीन. बघशील ना?" तिला गुडघ्यांमुळं जिना चढवत नाय, तरी चढनार होती. म्हनून मी भांडून खिडकी घेतली.

इमान हललं तशी आतली, पट्टे बांधा सांगनारी पोरगी आली. "काका, खिडकी बंद करा."

"का? माजी बहीण उभी हाय खाली."

"हा हवाई दलाचा विमानतळ आहे. सुरक्षेचा नियम आहे."

आनि तिनंच झडप खाली ओढली. मी बसलो प्लास्टिककडं बघत.

दिल्लीत उतरलो तर बहिणीचा फोन. "दिसली का रं मी?"

"नाय. खिडकी बंद. गुपित हाय म्हनं."

"कसलं गुपित? तुज्या आदी तीन लढाऊ इमानं गेली. शेजारनी गच्चीवर रोज पापड वाळवतात, त्यांना आवाजावरून इमान कळतं!"

बघा अक्कल! एवढ्या बंदोबस्तात ह्यांनी लपवलं काय, तर माजी बहीण!