टर्बोवर तेल आलं कुठून?

टर्बो तेलानं भिजला म्हंजे टर्बोच गळून राह्यला, हे तुम्हाला सांगितलं कुणी?

मी संगीता, परतूरकडची. आमचं बौद्धाचं घर, आई-बाप दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायचे, आन मला एकच नाद, बंद पडलेलं दिसलं की खोलायचं. शिलाई मशीन, पंखा, मामाची लुना, काही सोडलं न्हाई. आई म्हणायची, हिला सासर नका बघू, गॅरेज बघा. मंग आयटीआय केलं आन नवीन जालन्यात उस्तादांच्या गॅरेजात लागले. उस्ताद म्हंजे मालक, म्हातारे, जिभेला तिखट, पण शिकवायला हात आखडत न्हाईत. तरी लई दिवस मला गाड्या धुणं आन ऑइल बदलणं एवढंच. इंजिनाचं नाव काढलं की नाम्या, आमचा जुना मिस्त्री, दात काढायचा.

तर काय सांगू तुम्हाला, किसनभाऊंची डिझेल जीप आल्ती, सीटा भरून फिरणारी, टर्बो, म्हंजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा, गेल्ता. उस्ताद म्हणले, पोरी, टर्बो तू बसव, इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची रबराची पॅकिंग मी टाकतो. माझं पहिलं मोठं काम! बसवला. आन थोड्याच दिवसांत किसनभाऊ परत दारात, बोनेटमधून धूर, टर्बो तेलानं न्हालेला. नाम्या म्हणला, मी बोललो नव्हतो का, संगीताबाय, उद्यापासून धुलाईचा पाईप धरा. किसनभाऊ म्हणले, उस्ताद, आता दुसऱ्या हातानं करून द्या. उस्तादांनी पाना उचलला. हे माझ्या नावावर गेलं असतं तर परत पाना कोण देतं मला?

मी म्हणलं, थांबा, कुणी काही खोलायचं न्हाई. हवेचा पाईप काढला, आत बोट फिरवलं, कोरडं; टर्बो आतून गळला असता तर तिथं तेल लागलं असतं. टर्बोचा दांडा हलवून बघितला, बिलकुल ढिला न्हाई. म्हंजे तेल बाहेरून येऊन राह्यलं! पण कुठून? सगळंच बरबटलेलं. मंग पाईप परत लावला, इंजिन धुतलं, हवा मारून सुकवलं, आन पर्समधली तोंडाची पावडर काढून सगळीकडं उडवली. नाम्या म्हणला, नवरी नटवून राह्यली का? म्हणलं, हो, वरातीत नाचजो तू, पण आधी स्टार्टर मार.

गाडी सुरू. सगळे वाकून. टर्बो पांढराफेक. इंजिन गरम झालं, मी रेस द्यायला लावली, आन आली हो आली! बारीक काळी रेषा, वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून, उतरत उतरत सरळ टर्बोवर. मी ओरडलेच, वरून येतंय, वरून!

आन वरचं झाकण उस्तादांच्या हातचं. उस्तादांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, म्हणले, पॅकिंग माझ्याच्यानं मुडपली. पोरीचा टर्बो बराबर हाय. मंग नाम्याकडं वळून म्हणले, धर पाईप, धुलाई आज तुझी. काय हसले सगळे, किसनभाऊसुद्धा!

आता मी रोज इंजिनं खोलते. उस्तादांचं भलं होवो, मालकानं चारचौघांत चूक कबूल करायला जिगर लागते. पण ही माझी बात लिहून घ्या. तेल गळतं वरून आन नाव जातं खालच्याचं, हे काय इंजिनातच होतं का? म्हणून एवढं करा. कुणाच्या हाताला नावं ठेवायच्या आधी इंजिन धुवून घ्या, पावडर मारा, आन रेषा कुठून सुरू होते ते मान वर करून बघा.