मागच्या खोलीचा नकाशा

“माणसाच्या हातून जे घडतं, तेच त्याच्यामागे उरतं!”

“तुमच्या हातून आजवर फक्त बशा फुटल्यात.”

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या मास्तरांना त्याच बाकावरचं हे जोडपं दिसत नव्हतं. ऐकू मात्र फुकटात येत होतं.

“चेष्टा सोड, नकाशा बघ. मागच्या खोलीत माझं सुतारकाम. इथं करवती, इथं रंधे, भिंतीला फळ्या उभ्या.”

“आणि कामाचं टेबल?”

“कोपऱ्यात.”

“त्या अंधारात? मोतीबिंदू घेऊन करवत चालवणार?”

“खिडकीपाशी तुझं शिलाई मशीन आहे ना! तीस वर्षांची तुझी जागा. तिला हात लावायचा नाही, हे ठरवूनच नकाशा काढलाय.”

कागद ओढून घेतल्याची सळसळ झाली. मास्तरांनी कान टवकारले.

“मशीन पुढच्या खोलीत मावेल. खिडकी तुम्ही घ्या. जेवायला बसाल तेव्हा दहाही बोटं जागेवर हवीत मला.”

“खरंच? मग अख्खा नकाशाच बदलावा लागेल!”

“म्हणजे हा कागद आता कामाचा नाही?”

“मुळीच नाही.”

“अहो भाऊ, डोळे मिटूनच जरा उठता का? बाक केव्हाचा डुगडुगतोय, पायाखाली ह्याची घडी घालते.”