चुडाव्याच्या दारातला उखाणा

लग्नाला महिना व्हायच्या आत मला सवत आली, तीही पुस्तकातून. निजामाच्या काळातला दवाखाना, तिथं एकेका पेशंटचा खून होतोय, आणि खुनी शोधायलीय नर्स सुलोचना. आमचे हे जेवतानासुद्धा म्हणायचे, "काय डोकं हाय बाईचं, लय हुशार." माझ्या वरणाला मात्र नुसतं "हं."

एका दुपारी मी गुपचूप शेवटचं पान वाचून ठेवलं.

रविवारी यांच्या आत्याकडे चुडाव्याला निघालो. गाडीत हे सुलोचनेसोबतच होते. पोचलो तर आत्यांची लेक दार अडवून उभी. "वहिनी, नाव घ्या, मग आत या."

"लय अबोल हाय गं, तिला कुठलं जमतंय," आत्या म्हणाल्या.

मी उंबरठ्याबाहेरूनच म्हटलं,

"दवाखान्याच्या दाराला पितळेची कडी,
सुरेशरावांच्या सुलोचनेनंच दिली विषाची पुडी."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. यांचं बोट अजून पुस्तकाच्या पानात होतं. तसंच राहिलं.

परतताना गाडीत हे पहिल्यांदाच माझ्याशी पूर्णा स्टेशन येईपर्यंत बोलत होते. सुलोचनेनं असं का केलं असेल, एवढंच विचारत होते.