डालग्याखालचं पिल्लू

हॅलो? … हॅलो? … कोण? … जरा मोठ्यानं बोला, खरखर येती नुसती… कोण, हिरा? अगं हिरे! कुठंय तू? किती दिस झालं, फोन न्हाई काय न्हाई, जीव टांगणीला लागला माझा…

हो… हो… आसाम? अजून आसामातच? … बरं. गेंडा बघितला? … आगं बया! एवढा मोठाला? … आन लांबनंच ना? हत्तीवर बसून जवळ न्हाई ना गेलात? … हत्तीला लई पैसं पडत्यात व्हय? मग बरंच झालं. रस्त्याच्या कडंला उभं राहून बघितला तरी गेंडा तो गेंडाच.

आन वाघ? … न्हाई दिसला? … बिबट्या बी न्हाई? नुसतं मातीत पाय उमटलेलं… हं. … न्हाई, काय न्हाई, सहज इचारलं. … आवाज? कसा येतोय म्हंजी? हाय तसाच हाय माझा आवाज. थंडी हाय गं, घसा धरलाय.

मामा? मामा हायेत की. वट्यावर बसलेत तुजं सासरं, भिताडाकडं तोंड करून. … न्हाई, त्यांना नगं बोलवू. दुपारधरनं माझ्याशी बोलंनात. … अगं काय न्हाई, म्हाताऱ्याची लहर. तुमची आठवण काढत्यात बरं का. कालच गेणभाऊला सांगत व्हते, आमी धनगर, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, रानात झोपायचो, चालून चालून वहाणा झिजायच्या. पण मागं मेंढरं व्हती! आन हा आमचा लेक, चाकणची कंपनी सोडली, बायकू घेतली, पाठीवर बोचकी मारली आन निघाला. मेंढरू न्हाई एक. मग चालायचं कशापायी? … हसू नगंस. लोकं मला इचारत्यात ना, गोरख कुठंय म्हणून. … काय सांगते? ट्रेनिंगला गेलाय सांगते. … मग काय सांगू? रानातली पाखरं बघत हिंडतोय सांगू?

तुजा बा बी येऊन गेला आणे गावावरनं. म्हणला, आक्का, लेक तुझ्या पदरात घातली आन ती तर तुझ्या घरातच दिसंना. मी काय बोलणार? भावाची लेक सून केली, म्हटलं घर भरलेलं राहील… बरं, ते जाऊंदे. गोरखला दे. … झोपलाय? हा काय झोपायचा टाईम हाय? दिवेलागण बी व्हायचीय अजून. … हिरे. खरं सांग मला. … ताप? … कसला ताप? कवापासनं? … डॉक्टरला दावला का? …

बिरोबा! … अवो, ऐकलं का? गोरखला ताप भरलाय! … न्हाई, न्हाई, हिरे, तू नगं समजूत घालू माझी. मी केलंय हे. माझ्यामुळं झालंय.

थांब… सांगते. मधी बोलू नगंस, न्हाईतर माझ्यानं सांगवायचं न्हाई.

आपल्या बांधाला लागून चिमाजीचा ऊस हाय ना, त्याला तोड लागलीय. सकाळी मी उसाच्या शेंड्याचं वाढं आणाय गेले शेळीला. तर कोयत्याची लोकं एकदम गलका करत उसातनं बाहेर. पाचटात वाघाची पिल्लं! … हां हां, बिबट्याची. आमी वाघच म्हणतो बाई. दोन व्हती. मांजराएवढी, डोळं निळं निळं. समदी फॉरेस्टच्या गार्डला बोलवाय पळाली. मागं मी एकटीच… आन मी एक उचललं.

उचललं म्हंजी उचललं! पदरात गुंडाळलं, वाढ्याच्या भाऱ्यात घातलं आन आणलं घरी. … हितंच हाय. सैपाकघरात, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली. वर पाटा ठेवलाय… अगं वरडू नगंस, बूथवरची माणसं बघतील!

कशापायी? … तुमच्यापायी! दसऱ्यापासनं देश पालथा घालताय दोघं. यष्टीत झोपताय, टेशनावर झोपताय, का, तर वाघ दिसावा. न्हाई ना दिसला? मग म्हटलं मी दावते. तुमचा फोन आला की सांगीन, या रे घरी, आईनं वाघ ठेवलाय तुमच्यासाठी. मग तरी घराला पाय लागतील तुमचं. … हां. येडीच हाय मी. म्हण, आजून म्हण.

एवढ्यावरच भागलं असतं तर… न्हाई, अजून हाय. ऐक ना. भारा घेऊन घरी निघाले, तवर गार्ड आला. चांगला हाय बिचारा, मावशी मावशी म्हणतो. म्हणला, मावशी, तोडकरी म्हणत्यात दोन व्हती, आन हितं तर एकच दिसतंय. तुमी व्हता ना हितं? मी म्हणलं, एकच व्हतं. तो म्हणला, नक्की? समदी माझ्याकडं बघाय लागली. आन गेलं माझ्या तोंडनं… गोरखच्या गळ्याची शपथ, एकच व्हतं.

… न्हाई रडत. … हो, रडती! का रडू नगं? एवढ्या लांब गेलेला लेक, आन त्याच्या गळ्याची खोटी शपथ घेतली मी, समद्यांच्या देखत. भारा डोक्यावर घेऊन उभी व्हते गं, आन भाऱ्यात ते वळवळत व्हतं. आता तू म्हणतीस ताप.

काय? … ताप परवापासनं, शपथ आज… म्हंजी? … संबंध न्हाई? अगं बिरोबाला काय घड्याळ लागतंय व्हय! त्याला आधीच कळलं आसंल, ही बया काय दिवं लावणार हाय ते.

तू एक कर. त्याला फोनवर आण आन ‘सुटली’ म्हणाय लाव. … शपथ सुटली म्हणाय लाव गं! ज्याच्या गळ्याची घेतली त्यानंच म्हणाय लागतं, तवा सुटती. … बाहेर बाकावर हाय ना? मग आण की धरून. … आधी पिल्लाचं? … बरं बाई, पिल्लाचं इचार.

न्हाई, काय खाल्लं न्हाई. शेळीचं दूध बोळ्यानं पाजाय बघितलं, सारं थुंकलं. हात बोचकारला माझा. … हळद लावलीय. … इंजेक्शन? येवढ्याशा ओरखड्याला? … बरं, घेते. उद्या मंचरला जाते. … बरं, आजच, आजच! … सकाळी लई वरडत व्हतं. आता आवाज बारीक झालाय. ऐक, फोन तिकडं धरते… … आलं ऐकू? … हां, तेच. कोंबड्या लिंबावर जाऊन बसल्यात समद्या. कुत्रं बाजंखालनं निघंना.

दुसरं? दुसरं व्हतं तिथंच ठेवलंय गार्डनं, टोपलीत. तोड बंद केली. अंधार पडला की आई येती आन तोंडात धरून नेती म्हणला. … आं? … एक नेलं तरी दुसरं शोधत फिरंल? … कुठवर? … वस्तीत? … असं नगं बोलू हिरे.

… खरं सांगू? ती आलीय. मामा दुपारी मेंढरांकडं गेले व्हते, उसातनं गुरगुरल्याली ऐकली त्यांनी. दिसाउजेडी! म्हणून तर तोंड फिरवून बसलेत. मला येवढंच म्हणले, कोकरू उचललं की मेंढी कळप सोडून मागं येती, हे धनगराच्या लेकीला सांगाय लागतंय व्हय? तवापासनं एक शब्द न्हाई. भाकर बी तशीच पडलीय.

… कोण, तोडकरी? त्यांच्या खोपी तिथंच हायेत की, उसाच्या कडंला. … हां, पोरं हायेत. बारकी बारकी. उघड्यावरच असत्यात. सखूबाईचं तान्हं तर झोळीत… …

… हाय मी. ऐकती.

… न्हाई आलं गं ध्यानात. देवाशप… न्हाई, शपथ न्हाई. खरंच न्हाई आलं. मला आपलं माझंच पोर दिसत व्हतं. दुसऱ्याची पोरं डोळ्यांम्होरं असून दिसली न्हाईत. एवढी कशी गं मी आंधळी झाले? … न्हाई, तू नगं बरं वाटावं म्हणून बोलू. काय करू ते सांग.

हां… त्याच जागी… हो. हाताला पाचट चोळायचं, साबण न्हाई… हो… टोपलीला झाकण न्हाई… मग समद्यांनी लांब. बॅटरी मारायची न्हाई, बघत बसायचं न्हाई. … आन? … गार्डला सांगायचं?

न्हाई. ते न्हाई जमायचं. त्याच्याम्होरं काय तोंड घेऊन उभी राहू? मी गुपचूप ठेवून येते ना, मामांना घेते बरोबर. पाटी घेऊन गेले आन आले, कोण बघतंय? … अगं ऐक ना… ऐक ना माझं… … ती तिथंच दबा धरून आसंल तर? … हां. … आन खोपीतली लोकं? … हां, त्यांना हलवाय पायजे. ते माझं कोण ऐकणार. गार्डच करंल ते. … कळलं. … कळलं गं, फोडून नगं सांगू!

जवळच हाय तो. चिमाजीच्या वट्यावर च्या पितोय. हितनं हाक मारली तर ऐकू जाईल. … सांगते. मीच सांगते, मामांच्या तोंडून न्हाई. … जेलात घालतील का गं मला? … हसतीस काय, हितं माझी पाचावर धारण बसलीय. … बरं, बरं. गोरखला दे आता. दे गं.

हॅलो… गोरख? … बाळा. काय आवाज झालाय रे तुजा! जेवलास? … नुसता भात? … गोळ्या खा. कडू असल्या तरी खा, थुंकू नगंस, लहानपणी थुंकायचास. … रक्त तपासलं? … हिवताप. आन उतरतोय? खरंच उतरतोय? माझ्या गळ्याची… न्हाई, न्हाई! कुणाच्याच गळ्याची नगं. नुसतं सांग. … उतरतोय ना. बरं.

हिरानं सांगितलं समदं? … हसतोस व्हय रे मेल्या! … हां, आईनं वाघ चोरला. सांग तिकडं आसामात समद्यांना. … …

काय म्हणलास? … परत येतो? …

… न्हाई, फोन चालू हाय. बोलती. जरा थांब.

… गोरख, दसऱ्यापासनं मी ह्याच शब्दासाठी फोनापाशी बसती. जेवता जेवता उठती, हात खरकटा असला तरी उचलती. पण असा नगं येऊस. तू तापानं फणफणलेला, मी हितं रडती, म्हणून येणार असशील तर नगं. बरा हो आधी. तुमचं बघायचं ऱ्हायलंय ते बघा. मग तुजं तुला वाटलं तर ये. … आन न्हाई वाटलं, तर… फोन तरी करत जा रे. … तुज्या आबांचं मी बघते. जेवतील आता, पिल्लू गेलं की.

हां, ते शपथेचं तेवढं… हिरा म्हणली ना तुला? काय न्हाई, एक शब्द म्हणायचा, सुट… थांब! थांब, म्हणू नगंस!

… न्हाई, ऐक माझं. आत्ता नगं म्हणू. पिल्लू अजून हितंच हाय, माझ्या घरात. तू आत्ता सुटली म्हणलास की माझा जीव हलका व्हईल, आन जीव हलका झाला की माझा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा न्हाई. म्हणीन, आजची रात ठेवावं. सकाळी बघू. मला म्हाईत हाय ना मी कशी हाय ती. … तर ती शपथ राहूंदे माझ्या डोस्क्यावर. घेऊन जाते तशीच. गार्डला सांगते, पिल्लू आईपाशी ठेवते, मग उद्या तू फोन कर आन म्हण. … नक्की कर. तापात असलास तर हिराला लाव कराय. … मी झोपत न्हाई तवर.

अवो! उठा. पाटा काढा डालग्यावरचा, बोचकारल्या हातानं मला एकटीला उचलंना. … हो, हो, गार्डला सांगती मी. तुमी पाटा काढा.

गोरख… दिस टेकलाय रे. ती तिथं उसात उभी हाय. ठेवते.